रांगेत सगळ्यात शेवटी

मागच्या बाईंच्या पिशवीचा कोपरा आईच्या पाठीत टोचत होता. पुन्हा टोचला तेव्हा आई वळली.

"सरका की पुढे," बाई म्हणाल्या. "केवढी जागा सोडलीय तुम्ही! मधे कुणी घुसलं म्हणजे?"

"नाही घुसत कुणी," आई म्हणाली आणि एक फरशी पुढे सरकली.

"नाही कसं? मघाशी तो टोपीवाला घुसलाच ना. ‘फक्त विचारून येतो’ म्हणाला, तो गेलाय आत. तुमचं काय, मुदत ठेव की साधं खातं?"

आई नुसती हसली. तिचं त्या बँकेत कसलंच खातं नव्हतं. ती कायद्याने उघडूच शकत नव्हती, कारण ती मध्यवर्ती बँकेत होती आणि देशातल्या सगळ्या बँकांवर देखरेख ठेवणारा विभाग तिच्या हाताखाली होता. त्या शनिवारी सकाळी, चेहऱ्यावर ऊन घेत, ती त्या बँकेच्या मुख्य शाखेबाहेर फुटपाथवर उभी होती आणि तिची ड्रायव्हर म्हणून मी शेजारी. ऑफिसची गाडी तिने मुद्दाम आणली नव्हती. "आमची गाडी दारात दिसली की रांग दुप्पट होईल," ती म्हणाली होती, "तुझी ती डबडी काढ."

आईला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. भेटायला आलेल्यांपैकी बरेच जण म्हणाले, "बाई परदेशात शिकून आल्या होत्या, म्हणून एवढ्या वर पोचल्या." सांत्वनाला आलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणून मी मान डोलवली. पण ते म्हणतात तसं ते झालं नाही. ती पदवी मांडणीवर धूळ खात होती. तिने तिथून जे आणलं ते मी त्या शनिवारी पाहिलं.

झालं होतं ते असं. त्या आठवड्यात बँकेने आपली संगणकप्रणाली बदलायला घेतली आणि एक दिवस तिची सगळी एटीएम बंद राहिली. तशी पाटी लावायला हवी होती; कुणी लावली नाही. कुणीतरी काळ्या पडलेल्या पडद्याचा फोटो काढून फोनवर फिरवला आणि खाली लिहिलं, ‘खडखडाट.’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाखांसमोर रांगा लागल्या. बँक धडधाकट होती. आईच्या माणसांनीच तिची तपासणी नुकती पूर्ण केली होती आणि अहवालावर आईची सही होती. पण धडधाकट बँकसुद्धा सगळे एकदम मागायला आले तर उभी राहत नाही. ठेवी कर्जांमध्ये गेलेल्या असतात, कपाटात नसतात.

शुक्रवारी संध्याकाळी गव्हर्नरांच्या खोलीत बैठक झाली. मध्यवर्ती बँकेच्या कायदा विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत, निर्बंधांचा मसुदा तयार करूनच आले होते: माणशी ठरावीक रक्कमच काढता येईल, त्याहून जास्त नाही. ही नेहमीची रीत होती आणि तिच्यात कुणाची चूक निघत नसे.

"आणि सोमवारी शेजारच्या बँकेसमोर रांग लागली तर?" आईने विचारलं.

"तिलाही निर्बंध," वकीलसाहेब म्हणाले.

"मग मंगळवारी?"

"बाई, तुम्ही आठवडा मोजू नका हो."

गव्हर्नर मितभाषी होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "उद्याचा दिवस तुमचा. तुमच्या पद्धतीने करा. संध्याकाळी रांग आजच्यापेक्षा मोठी असेल तर मी यांच्या कागदावर सही करणार. आणि मग ही बँक सुदृढ आहे असं कुणी लिहून दिलं होतं, हेही लोक विचारतील."

म्हणजे काय, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. डेप्युटी गव्हर्नरांची एक खुर्ची लवकरच रिकामी होणार होती. आईचं नाव कुणी उघड घेत नव्हतं, म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच होतं. रांग वाढली असती तर बँक गेली असती, हजारो माणसांची जमापुंजी अडकली असती, आणि आईची आयुष्यभराची सही खोटी ठरली असती. खुर्चीचं दुःख तिला झालं नसतं. सहीचं झालं असतं.

शनिवारी सकाळी रेडिओ-टीव्हीवर जी घोषणा झाली ती आईने स्वतः लिहिली होती. त्या बँकेच्या सगळ्या शाखा आज उघड्या आहेत. ज्याला जेवढे पैसे हवेत तेवढे मिळतील. रांगेतल्या शेवटच्या माणसाचं काम होईपर्यंत दार बंद होणार नाही. बस्स, एवढंच.

वकीलसाहेबांनी घोषणेचा कागद उलटून मागची बाजूही पाहिली होती म्हणे. "यात ‘घाबरण्याचे कारण नाही’ कुठे आहे?"

"नाहीये," आई म्हणाली.

"अहो, पण तेच तर सांगायचंय!"

"ते एकदा सांगून बघितलंय मी."

ते तिने कुठे सांगून बघितलं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण स्वतःची फजिती रंगवून सांगणं हा आईचा एकमेव नाटकी गुण होता.

मी शाळेत खालच्या वर्गात होते तेव्हा मध्यवर्ती बँकेने तिला सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करायला परदेशी पाठवलं. एवढी मोठी संधी, पण घरात सुतकी कळा. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, सामान घेऊन आमच्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून आईला ऐकवत राहिली. "पोरीला टाकून निघालीस, आणि शिकणार काय, तर धोरण! अगं, घरातलं धोरण आधी ठरव." बाबा दातांचे डॉक्टर होते आणि दुसऱ्यांची तोंडं उघडायची सवय असल्यामुळे स्वतःचं फारसं उघडत नसत. त्यांनी फक्त आईची बॅग वजन करून पाहिली आणि म्हणाले, "थंडीचे कपडे आणखी दोन मावतील." आई गेली. आत्या माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की दिवसभर भुवया वर ओढलेल्या राहायच्या. त्या वर्षभराच्या फोटोंत मी सारखी कशाने तरी चकित झालेली दिसते.

तिकडे आईची एक प्राध्यापिका होती, साठीची, पायात नेहमी चालण्याचे बूट. तिने वर्गात एक खेळ मांडला. एक जण गव्हर्नर, बाकी सगळे एका बँकेचे ठेवीदार. बँकेबद्दल अफवा उठली आहे. गव्हर्नरने उभं राहून निवेदन वाचायचं आणि ते ऐकून ज्याला पैसे काढावेसे वाटतील त्याने वर्गाबाहेर निघून जायचं. आई खरोखरच्या मध्यवर्ती बँकेतून आलेली, म्हणून गव्हर्नर तीच. तिने रात्रभर बसून निवेदन लिहिलं. भांडवलाचं प्रमाण, राखीव निधी, सगळं अचूक. शेवटचं वाक्य: जनतेने घाबरण्याचे काहीही कारण नाही.

"पहिल्या परिच्छेदाला पहिला बाक उठला," आई सांगायची. "मला वाटलं, याला जाऊन यायचं असेल. मग मागची ओळ उठली. ‘घाबरण्याचे कारण नाही’ म्हटल्यावर तर चेंगराचेंगरी. खोली रिकामी. मी पाहतेय, तर बाईसुद्धा पर्स उचलून निघाल्या! म्हटलं, ‘मॅडम, तुम्ही कुठे?’ तर म्हणाल्या, ‘माझीही ठेव आहे.’"

मग प्राध्यापिका परत आली आणि तिने आईला सांगितलं, की काय म्हणायला हवं होतं ते शोधून आण; पण ग्रंथालयात जायचं नाही. जिथे लोक कशासाठी तरी वाट बघत असतील तिथे जाऊन उभी राहा.

आई उभी राहिली. दवाखान्यात, टपाल कार्यालयात, घरभाड्याची मदत देणाऱ्या सरकारी कचेरीत. भाषा नीट समजायची नाही, हवा मरणाची थंड, आणि हातात काही काम नसलेली एक परकी बाई रांगेत. आधी तिला वाटलं ही शिक्षा आहे. मग हळूहळू तिला ऐकू यायला लागलं. रांगेतला माणूस सरकार चांगलं आहे का, तिजोरी भरलेली आहे का, असलं काही विचारत नाही. तो एकच विचारतो: माझा नंबर येईपर्यंत दार उघडं राहील ना? राहील, असं त्याला पटलं तर तो जेवायला घरीसुद्धा जाऊन येतो. नाही पटलं तर त्याला जगातली सगळी आकडेवारी द्या, तो पुढच्याच्या पाठीत कोपर घालणार.

ती परतली ती ही खोड घेऊन. कुठलंही परिपत्रक लिहायच्या आधी ते ज्याच्यावर लागू होणार त्याच्या रांगेत जाऊन उभी राहायची. सुट्टीच्या दिवशी मलाही न्यायची. पेन्शनच्या रांगा, शेतकर्जाच्या रांगा, फाटक्या नोटा बदलून घेणाऱ्यांच्या रांगा. आमचा नंबर आला की ती म्हणायची, "चला, झालं," आणि आम्ही खिडकीसमोरून निघून यायचो. पाठीमागचे लोक आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ऑफिसात तिला ‘रांगवाल्या बाई’ म्हणत, आणि ते प्रेमाने म्हणत असतील अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

तर त्या शनिवारी ती तशीच उभी होती, पर्स काखेत दाबून, कान टवकारून. रांग लांब होती, पण पुढे सरकत होती. पैसे घेऊन बाहेर पडणारे जरा ओशाळवाणे दिसत होते. पिशवीवाल्या बाई मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्या ठेवीबद्दल सांगत होत्या. पुढचा माणूस फोनवर कुणाला तरी म्हणत होता, "देतायत बाबा, देतायत. नाही, पूर्ण देतायत." आईने हलकेच माझा दंड दाबला. काम होत होतं.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. आत्या.

"अगं, त्या बँकेत माझी ठेव आहे," आत्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काढू का ठेवू?"

"ताई, सकाळी जाहीर झालंय ते ऐकलंत ना?"

"ते सगळ्या जगाला सांगितलंत. मी घरातली आहे. मला खरं सांग."

"सगळ्यांना सांगितलं तेच खरं आहे."

"म्हणजे सांगणार नाहीस."

"मला निराळं काही सांगताच येत नाही, ताई. माझ्या कामात ते बसत नाही."

"वा! सख्खी भावजय एवढी मोठी साहेबीण, आणि मला रेडिओ ऐकायला सांगते!" फोन बंद झाला.

"चिडल्या," आई म्हणाली.

"तू ‘ठेवा’ म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"त्यांना ‘ठेवा’ सांगायचं म्हणजे या पिशवीवाल्या बाईंनाही सांगायला हवं. आणि अशी एकेकीच्या कानात सांगत फिरले की तीच अफवा."

मला तेव्हा ते निष्ठुर वाटलं. आत्याने माझ्या डोक्याला तेल लावलं होतं, तापात उशाशी बसली होती; आणि तिला एक शब्द मिळू नये?

थोड्याच वेळात रस्त्याच्या पलीकडून छत्री उगारत आत्याच येताना दिसली. रहदारी थांबवत, हाताने गाड्यांना ‘थांब, थांब’ करत. तिने रांगेवरून नजर फिरवली आणि आम्हाला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य उमटलं, मग भीती, आणि मग एक प्रकारचा विजय.

"तू!" ती फुटपाथवरूनच ओरडली. "मला म्हणते रेडिओ ऐका, आणि स्वतः रांगेत उभी! म्हणजे बुडाली ना? बुडालीच!"

"ताई, हळू..."

"हळू काय? अगं, मध्यवर्ती बँकेतली बाई स्वतः पैसे काढायला आली, आता आणखी काय बाकी राहिलं?"

पिशवीवाल्या बाईंनी आईकडे वळून पाहिलं. "तुम्ही मध्यवर्ती बँकेत?"

मी असं कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहू नये असं वाटतं. ते वाक्य रांगेतून वाऱ्यासारखं पुढे गेलं. मध्यवर्ती बँकेतली बाई. स्वतः. काढायला आलीय. पुढच्या माणसाने फोन कानाला लावला आणि म्हणाला, "निघ, निघ, तू पण ये." रांगेची रांग राहिली नाही, तिचा एक गोळा झाला आणि तो दाराकडे ढकलला जाऊ लागला. कुणाची चप्पल तुटली, कुणीतरी रडू लागलं. आणि दारावरच्या पहारेकऱ्याने, त्याला शिकवलं होतं त्याप्रमाणे, खाडकन शटर अर्धं खाली ओढलं.

त्या आवाजाने जे झालं ते लिहिता येत नाही. माणसं घशातून ओरडली.

आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या आयुष्याची पद्धत, ज्यांचं दुखणं त्यांच्यात जाऊन उभं राहायचं, तीच तिच्यावर उलटली होती. आत्या दचकून तिच्याकडे बघत होती. "मी... मी काय केलं गं?"

"काही नाही. पोरीचा हात धरा," आई म्हणाली, आणि गर्दीत शिरली.

मी आत्याला ओढत तिच्या मागे गेले. आई शटरपाशी पोचली, वाकली आणि खालून आत घुसली. आम्हीही. आत शाखा व्यवस्थापक, घामाने निथळलेला गृहस्थ, दोन्ही हात पसरून उभा होता.

"मॅडम, बाहेर थांबा, आत यायचं..."

आईने ओळखपत्र दाखवलं. त्याचे हात खाली आले.

"शटर वर घ्या," आई म्हणाली.

"मॅडम, गर्दी वाढली की शटर अर्धं घ्यायचं, असं परिपत्रकच आहे. सुरक्षेसाठी."

"कुणाचं परिपत्रक?"

व्यवस्थापक घोटाळला. "तुमच्याच विभागाचं, मॅडम."

आईने अर्ध्या खाली आलेल्या शटरकडे पाहिलं. मग ती हसली. अगदी खरं, पोटातून आलेलं. त्या गोंधळात तिला हसताना पाहून पहारेकरीही चपापला. "मग ते रद्द झालं असं समजा. लिहून सोमवारी पाठवते. वर घ्या, पूर्ण. आणि आत आहेत तेवढ्या खुर्च्या बाहेर काढा, तुमचीसुद्धा. सगळ्या खिडक्या उघडा. माणसं कमी पडत असतील तर तुम्ही एका खिडकीवर बसा."

"मी?"

"येतं ना अजून?"

"येतं हो," तो जरा दुखावून म्हणाला, आणि बाह्या सारायला लागला.

शटर वर गेलं. समोरची गर्दी एकदम उजेडात आली आणि दार उघडं पाहून अर्ध्या पावलावर थबकली. आई पायरीवर उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता, सभेत बोलायची तिला सवय नव्हती, आणि मला वाटलं, आता ती म्हणणार, घाबरू नका. तिच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं.

"मी मध्यवर्ती बँकेत आहे," आई म्हणाली. "ह्या ताई म्हणाल्या ते बरोबर आहे. पण माझे इथे पैसे नाहीत. मी रांग बघायला आले होते."

"रांग काय बघायची? पैसे द्या!" कुणीतरी ओरडलं.

"देतायत. आज संध्याकाळी, रात्री, जोपर्यंत रांग आहे तोपर्यंत हे दार उघडं राहणार. मी आता रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहते. माझ्या मागे कुणी आलं तर त्याला पुढे घेणार आणि मी पुन्हा शेवटी. दिवसभर. मी दिसतेय तोवर दार बंद होत नाही. बंद झालं, तर आधी मला धरा."

एवढं बोलून ती पायरी उतरली. गर्दीने तिला वाट दिली. ती सगळ्यांच्या बाजूने चालत गेली, पार कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत, आणि तिथे, शेवटच्या माणसाच्या मागे, पर्स काखेत दाबून उभी राहिली.

हे तिला कुठल्या वर्गात शिकवलेलं नव्हतं. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दाराचं तिकडे शिकले. शेवटी उभं राहायचं मात्र त्या पायरीवर सुचलं. दुसरं काही सुचतच नव्हतं गं, खरं सांगायचं तर."

पुढे सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि हीच तर त्या दिवसाची कमाल. गोळ्याची पुन्हा रांग झाली. खुर्च्या बाहेर आल्या, म्हातारी माणसं बसली. व्यवस्थापकाने कागदाचे तुकडे करून, शिक्के मारून नंबर वाटले. नंबर असला की कधीही या, तुमचा नंबर तुमचाच. नवे लोक आले की आई दोन पावलं मागे सरकून म्हणे, "या, तुम्ही पुढे." सुरुवातीला लोक संशयाने बघत. मग एकमेकांना सांगू लागले, "त्या बाई ना, त्या शेवटच्या आहेत." कुणी कुणी नुसतं तेवढं बघायला कोपऱ्यापर्यंत येऊन जाई, बाई आहे ना जागेवर. टोपीवाला, जो मधे घुसला होता, तो मागे येऊन तिला विचारून गेला, "थांबणार ना खरंच?" "तुम्ही पैसे काढलेत ना? मग तुम्हाला काय करायचंय?" आई म्हणाली. तो म्हणाला, "नाही, तसंच. पुन्हा भरावे म्हणतो."

दुपार कलल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नंबर घेऊन जेवायला गेलेले बरेच जण परत आलेच नव्हते.

नंबर मुठीत असल्यामुळे आत्याही नव्या लोकांना पुढे सोडत आईच्या पुढेच उभी होती, तिच्याकडे पाठ करून, छत्री दोघींच्या डोक्यावर येईल अशी मागे तिरपी धरून. हात भरून आला की छत्री दुसऱ्या हातात घ्यायची. तिचा नंबर आला तशी ती तडक आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"काढलेत?" मी विचारलं.

"नाही गं. पासबुक तेवढं भरून घेतलं. किती दिवस राहिलं होतं." मग आईकडे न बघता म्हणाली, "पाय सुजलेत तुझे. बस त्या खुर्चीवर."

"बसले तर दिसणार नाही, ताई."

"मग मी उभी राहते शेवटी. तू बस."

"तुम्हाला कोण ओळखतंय?"

"अगं, सकाळपासून मला ओळखत नाही असं इथे कुणी राहिलंय का?"

आई इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. आत्याही हसली, मग तोंडाला पदर लावून थोडी रडली, आणि मग दोघी त्या खांबापाशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. आईचं परदेशी जाणं आत्याने माफ केलं ते तेव्हाच, असं मला वाटतं, जरी त्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही.

ऊन उतरलं तेव्हा रांगेत तीन-चार माणसं होती. मग एक. तो सायकल दुरुस्त करणारा होता, हात काळे, आणि त्याला फक्त सुट्टे हवे होते. त्याच्यामागून आई आत गेली. खिडकीवर व्यवस्थापक बसला होता, बाह्या सारलेला, केस विस्कटलेले, वर्षानुवर्षांत झाला नसेल एवढा खूष.

"बोला मॅडम, काय सेवा करू?"

"काही नाही. आता दार लावा."

गव्हर्नरांचा फोन आम्ही गाडीत बसता बसता आला. सगळ्या शाखांमधून रांगा ओसरल्याचीच खबर होती. आईने माझ्यासाठी आवाज मोठा केला. "वकीलसाहेब समोर बसलेत," गव्हर्नर म्हणाले. "मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढतायत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

"बाई," वकीलसाहेब म्हणाले, "पुढच्या वेळी मलाही न्या. मी तुमच्या पुढे उभा राहीन. मागे नाही जमणार, पाठ दुखते."

त्यानंतर ती डेप्युटी गव्हर्नर झाली. मध्यवर्ती बँकेत रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने टेबलाला हात लावण्याआधी काही दिवस रांगेत उभं राहायचं, हा नियम तिने केला. पोरं कुरकुरत, ती निवृत्त झाल्यावरही नियम राहिला, आणि आज ज्या मुली त्या इमारतीत वरच्या मजल्यांवर बसतात त्यांच्यापैकी कितीतरी जणी मला भेटून ‘आम्ही कुठल्या रांगेत होतो’ ते सांगून गेल्या. शटरचं परिपत्रक त्या सोमवारीच रद्द झालं. ती बँक अजून आहे. परवा तिथून गेले, तर आत कुणीतरी लांबच लांब जांभई देत होतं.

पण मला त्या दिवसातलं जे आठवतं ते यातलं काही नाही.

आत्याला तिच्या घरी सोडून आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. आईने चपला काढून पाय पुढे ताणले, म्हणाली, "एक मिनिट डोळे मिटते," आणि बोलता बोलताच झोपली. तोंड किंचित उघडं, मान खिडकीकडे कललेली, हात मांडीवर उताणे. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. आमच्या घरात सगळ्यांत शेवटी झोपणारी आणि आधी उठणारी तीच. गाडी थांबली की ती जागी होणार, हे मला माहीत होतं. चौकातला दिवा लाल होत होता तेव्हा मी लांबूनच वेग कमी केला, सरकत सरकत तो हिरवा होईपर्यंत गेले. आमच्या घराचं वळण आलं. वर खिडकीत बाबा आमची वाट बघत उभे होते. मी काच खाली करून त्यांना हाताने खूण केली, की आलोच, आणि न थांबता सरळ पुढे निघाले.